सैल मान

बुरूज क्रमांक तेवीसनं सात माणसं मारली त्याला दोन महिने झाले होते, आणि तेव्हापासून तो बुरूज चालवणाऱ्या विलास कोळेकरची मान डावीकडे वळेना. चाळीस अंशांपर्यंत जायची आणि कडी घातलेल्या दारासारखी अडायची. पुढे रेटली की गडी ओरडायचा. त्याला रात्रीची झोप नव्हती, पोरीला उचलून घेता येत नव्हतं, आणि नोकरी तर मान वळवायचीच होती.

दुष्काळाचं अकरावं वर्ष होतं. काळमुखी धरणाचं पाणी कालव्यातून कारखान्यांना जायचं. वाटेतल्या गावांनी ते नुसतं बघायचं. कालव्यावर चाळीस बुरूज, पण आत माणूस एकही नाही. माणसं पन्नास कोसांवर गार खोलीत अर्धगोल पडद्यासमोर बसायची, प्रत्येकाच्या मानेवर बोटभर रुंद पट्टी चिकटवलेली. तिचं नाव मानवेध. माणूस मान वळवेल तिकडे बुरुजाची बंदूक वळायची.

कुमुद लाटकर या तिथल्या फिजिओथेरपिस्ट. तीस वर्षं लोकांच्या माना दाबल्या होत्या बाईंनी. बंदुका चालतात तिथे नोकरी का धरली म्हणून बहिणीनं बोलणं टाकलं होतं, तरी त्यांचं म्हणणं एकच: मान कुणाचीही असो, दुखते ती दुखतेच. चाळीसही जणांना त्या फैलावर घ्यायच्या. डोकं पाच किलोचं, पण पुढे झुकवून बसलात की मानेवर वीस-पंचवीस किलोचं ओझं पडतं. तासन् तास एकाच बैठकीत बसता, वर उशाला दोन-दोन उशा घेता, मग मान तक्रार करणार नाही तर काय गाणं म्हणणार? शेक, हनुवटी आत ओढायचा व्यायाम, कपाळाला तळहात लावून डोकं जागच्या जागी रेटायचा व्यायाम. तीन आठवड्यांत बहुतेकांना आराम पडायचा.

विलासला मात्र काडीचा फरक पडेना. तपासण्या झाल्या. मणके ठणठणीत, नस मोकळी. मग एकदा बाईंनी त्याला उताणं निजवलं, डोळे मिटायला लावले, डोकं दोन्ही तळहातांवर घेतलं आणि गप्पा मारत हळूच वळवलं. मान डाव्या खांद्यापर्यंत बिनबोभाट गेली. खुर्चीत बसवलं की पुन्हा चाळीसवर अडली. म्हणजे हाडाला काही झालं नव्हतं. स्नायूच आवळून राखण करत होते. दुखणं खोटं नव्हतं, चांगलं खरं होतं, पण मान कशाला तरी घाबरत होती.

बाई तडक मानवेधच्या जनकाकडे, डॉक्टर सोहोनींकडे गेल्या. विचारलं, बंदूक मानेनं वळते हे कळलं, पण गोळी कशानं सुटते?

"तीही मानेनंच," सोहोनी म्हणाले. "धोका दिसला की मान क्षणभर ताठते. माणसाला स्वतःला कळायच्या आधी ताठते. पट्टीला तेवढी खूण पुरते. बोटं कचरतात, लाटकरबाई. मान कचरत नाही."

"आणि कुणी मुद्दाम ताठ केली तर?"

"नाटक पट्टी ओळखते. प्रत्येकाची मान ती रोज शिकत असते. पट्टी उपटली तर बुरूज शिकलेल्या मानेवर स्वतःच चालतो, म्हणून कुणी उपटत नाही."

त्या संध्याकाळी विलासनं तोंड उघडलं. पडद्याच्या डावीकडे काही बायका कालव्यात हंडे बुडवत होत्या. एकीची चाल ओळखीची वाटली. त्याची बहीण हौसा अशीच चालायची. नीट बघावं म्हणून त्यानं मान वळवली. तीच होती. काळजात चर्र झालं आणि मान ताठली.

"आधी हंडा फुटला, बाई," तो म्हणाला. "मग तिचा जबडा गेला. मी ओळखली म्हणून मेली ती. नुसती बघितली असती तर जगली असती."

बाईंना त्या रात्री अन्न गेलं नाही. आत्तापर्यंत इतक्या माना बऱ्या करून आपण काय करत आलो, ते त्यांना लख्ख दिसलं. सकाळी उठल्या त्या मनाशी ठरवूनच. विलासला दार लावून सांगितलं: श्वास सोडत सोडत मान वळवायची. सैल माणसाची मान ताठत नाही, आणि मान ताठली नाही तर बुरूज गप्प बसेल.

"नक्की ना, बाई?"

"नक्की."

बाकीच्यांना यातलं काही सांगितलं नाही. नवा उपचार म्हणून चाळीसही जणांना तोच धडा दिला. स्नायू सैल झालेला दिसावा म्हणून पट्ट्या मानेवरच ठेवल्या. पडद्यावर स्नायूची रेघ खाली आली की बाई पट्टीच्या यंत्रावरचं हिरवं बटण दाबायच्या, वर "बरोबर" अशी अक्षरं यायची. रेघ चढली की लाल बटण, चूक. कुठलीही फिजिओथेरपिस्ट असंच शिकवते. पंधरा दिवसांत चाळीस माना लोण्यासारख्या झाल्या. विलासनं पोरीला खांद्यावर घेऊन आणलं, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले.

शनिवारी दुपारी अकरा गावं कालव्यावर चालून आली. कुदळी, पहारी, मागे टँकर. बाई विलासच्या खुर्चीशी उभ्या होत्या. बाहेरचा आवाज अडवायला प्रत्येकाच्या कानांवर झाकण असायचं; विलासचं त्यांनी सरकवलं आणि म्हणाल्या, सोड श्वास. त्यानं सोडला. मान अलगद डावीकडे वळली, चाळीसच्या पार गेली.

बुरूज तेवीस धडाडला. पहार उचललेला म्हातारा कमरेत दुभंगला. त्याच्या मागच्या दोन पोरी पाण्यात कोसळल्या आणि पाणी लाल झालं. विलासला वाटलं, आपणच कुठे ताठलो. तो आणखी लांब श्वास सोडू लागला. बाईही ओरडत राहिल्या, सैल सोड, अरे सैल सोड. जितका तो सैल होई तितक्या गोळ्या सुटत. चाळीसही पडद्यांवर माणसं कणसांसारखी खुडली जात होती.

धावत आलेल्या सोहोनींची बाईंनी कॉलर धरली. तेही पांढरेफटक पडले होते.

"बटण तुम्ही दाबलंत," ते म्हणाले. "सैल मान बरोबर, ताठ मान चूक. पंधरा दिवस, चाळीस माणसं. पट्टी तेच शिकली."

"थांबवा ते."

"माझ्या हातात नाही. खरी ताठलेली मान मिळाली तरच थांबेल."

विलासनं हे ऐकलं. पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "मुरगळा, बाई."

मानेचं कुठलं हाड कुठे धरलं की काय होतं, हे बाईंना तीस वर्षं ठाऊक होतं. आजवर ते टाळण्यासाठी ठाऊक होतं. त्यांनी एक हात त्याच्या हनुवटीखाली घातला, दुसरा अंगठा मणक्याच्या कडेला रोवला आणि सगळा जोर लावून हिसका दिला. कट्‌ असा आवाज आला. विलास गुरासारखा ओरडला. मान लाकडासारखी आवळली आणि बुरूज तेवीस थांबला.

एकोणचाळीस राहिले होते. बाई पुढच्या खुर्चीकडे धावल्या. तिथे घोलप बसला होता, सगळ्यांत आधी बरा झालेला. कानांवर झाकण असल्यामुळे त्याला विलासची किंकाळी ऐकू आली नव्हती. मानेवर हात पडताच त्यानं तो ओळखला. बाई उपचाराला आल्या असं समजून त्यानं शिकवल्याप्रमाणे लांब श्वास सोडला आणि मान त्यांच्या हातात सैल टाकली. पडद्यावर आणखी चार माणसं पडली.