शून्यावर आणलेला मीटर

दार लोटून घ्या आणि मधे बोलू नका. हा फिटर माझ्या चांगल्या ओळखीतला. त्याने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं, तर उठून निघून गेला.

ऑक्सिजनची 'नवी' मशीनं जोडून देणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला होता. नवं काय, तर बाहेरचं पांढरं खोकं आणि त्यावरचा स्टिकर. आतला पंप कुणाच्या तरी घरून भंगारात आलेला. असं मशीन घराबाहेर कधी काढतात, ते तुम्हाला सांगायला नको. फिटर पंप धुऊन चकाचक करायचा. तो किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचे आकडे उलटे फिरवून शून्यावर आणायचा. शेवटी, तपासल्याची खूण म्हणून पंपाच्या स्क्रूवर हिरव्या नेलपॉलिशचा एक थेंब. आपण म्हाताऱ्यांना कलप लावतो, असं म्हणून तो हसायचा. तेव्हा हसायचा.

गुरुवारची रात्र, पावणेनऊची वेळ. आतेभावाचा फोन आला. आत्यासाठी चार दिवसांपूर्वी ऑक्सिजनचं मशीन आणलंय, दिवसरात्र चालू आहे, तरी तिची धाप कमी होत नाही, जरा येऊन बघशील का? आई गेल्यावर याच आत्याने फिटरला लहानाचं मोठं केलं होतं. तो स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून तसाच निघाला.

"सीलबंद आहे, दादा," आतेभाऊ म्हणाला. "तुला कशाला त्रास, म्हणून विचारलं नाही."

फिटरने मागचं झाकण उघडलं. स्क्रूवर हिरवा थेंब.

खरं सांगितलं असतं, तर आत्याला तिथून लगेच हॉस्पिटलात हलवता आलं असतं. पण मग त्या घरात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. फिल्टरमध्ये धूळ होती, बाकी ठीक आहे, असं म्हणून त्याने नुसती फुंकर मारली आणि उशाशी बसला.

अकराला आतेभाऊ शेजारच्या खोलीत झोपायला गेला. हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नळीत जात होती. थोड्या वेळाने फिटरच्या लक्षात आलं, बुडबुडे मधेच थांबतायत. आत्याचा श्वास भराभर चालला होता. बुडबुडे मात्र सावकाश थांबत होते. कुणीतरी लांब श्वास ओढून घ्यावा, तसे.

आत्याने डोळे उघडले.

"अर्धी हवा ती घेते रे."

"कोण, आत्या?"

तिने मशीनकडे बोट दाखवलं...

त्याने आत टॉर्च मारला. चार दिवस म्हणजे शहाण्णव तास. मीटर म्हणत होता, ९५०८. गेल्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या बोटांनी शून्यावर आणलेला आकडा होता, ९४१२.

बंद करावं? मग आत्याला आहे तीही हवा नाही. भावाला उठवावं? तो विचारणार, नव्या मशीनला झालं काय.

फिटर दारापर्यंत गेला. थांबला...

परत येऊन बसला.

दोन वाजून वीस मिनिटं. आत्याचा श्वास थांबला.

बुडबुडेही थांबले. मशीन चालूच होतं. आणि खोक्याच्या आत... कुणीतरी छातीभर श्वास घेतला.

सकाळी आतेभाऊ त्याच्या गळ्यात पडून रडला. दादा, तू होतास म्हणून ती शांत गेली, म्हणाला. यापेक्षा त्याने जोड्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे आतेभावाने मशीन भंगारात देऊन टाकलं. तीन आठवड्यांनी ते फिरत फिरत फिटरच्याच टेबलावर आलं. त्या रात्री झाकण उघडताना खोक्याला पडलेला ओरखडासुद्धा तोच. या वेळी ते फोडून टाकायचं, असं ठरवून त्याने हातोडा काढून ठेवला आणि झाकण उघडलं.

हिरवा थेंब जसाच्या तसा होता. मीटरला अजून कुणी हात लावला नव्हता. पण आत्याचा श्वास घेऊन मशीन या वेळी खरंच नवं झालं होतं.

चारही आकडे... शून्य.