तिरप्या चाकांची खुर्ची

“शिवे, आत्याची खुर्ची कुठंय?”

अंकुशची हाक ऐकताच शिवकन्या हातातली करंजी टाकून ओसरीवर धावली. ओसरी रिकामी! अर्ध्या तासापूर्वी तिनं स्वतःच ती खुर्ची भिंतीशी लावून ठेवली होती.

ती काही साधी खुर्ची नव्हती. बेबीनंदाआत्याची बास्केटबॉल खेळायची चाकाची खुर्ची होती ती! लहानपणी पोलिओ झाल्यापासून आत्याचे पाय चालत नव्हते. पण मांडीवर चेंडू घेऊन ती खुर्ची दामटू लागली की भले भले मागे पडत. जानेवारीत बँकॉकला अपंग खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि भारताच्या संघात आत्याची निवड झाली होती. आज दुपारी एकच्या गाडीनं ती सराव शिबिरासाठी मुंबईला निघणार होती. त्याआधी शाळेत तिचा सत्कार होता, म्हणून रोजच्या खुर्चीत बसून ती आईबाबांबरोबर तिकडे गेली होती.

“हिच्यावर ध्यान ठेव बरं, शिवे,” जाताना ती म्हणाली होती. “हिच्याबिगर तिथं जाऊन मी काय करू?”

आणि शिवकन्या मागच्या अंगणात लवंगी फटाके उडवत बसली होती!

“किती वाजले?” तिनं विचारलं.

“साडेदहा.” अंकुश रडवेला झाला होता. दहा वर्षांचा तो शिवकन्येचा भाऊ, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

“अरे, इकडं या जल्दी!” दारातून ओरडला तो सांडू. हा त्यांचा मामेभाऊ, दिवाळीच्या सुट्टीला आष्टीहून आलेला. उंबऱ्यापुढच्या रांगोळीतून दोन चाकं गेली होती, आणि गल्लीतल्या फरशीवर लाल रंगाचे ठिपके दिसत होते. चार हात अंतर सोडून एक, मग पुन्हा एक!

“चाकाला रांगोळी लागलीय! पळा!”

मस्तगड भागातल्या उतारावर तिघं वाकून वाकून पळत सुटले. ठिपके फिके होत गेले. कोपऱ्यावर तर दिसेनासेच झाले.

“आता गं?” अंकुश म्हणाला.

आत्या परत येईल, ओसरीकडे बघेल आणि मग... पुढचा विचारच शिवकन्येला करवेना. तेवढ्यात सांडूनं कोपऱ्यावर बोरं विकणाऱ्या झुंबरबाईंना गाठलं.

“मावशी, इथून कुणी चाकाची खुर्ची नेली का?”

“नेली की! तुमचे बद्रीनाथ काका आत्ताच गेल्ते ढकलत. रामकिसनच्या वेल्डिंगवर.”

काकांनी? आत्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं? मुलं पुन्हा धावली.

वेल्डिंगच्या दुकानात खुर्ची उलटी पडली होती. दोन्ही चाकं काढून बाजूला ठेवलेली! रामकिसन मिस्त्री काळी काच तोंडापुढे धरून बसले होते आणि बद्रीकाका कमरेवर हात ठेवून खुशीत उभे होते.

“काका, काय करताय हे?”

“अगं, चाकं पार फाकली होती हिची! खाली बाहेर, वर आत. अशी मोडकी खुर्ची घेऊन पोरगी परदेशात जाणार? लोक हसतील. म्हणून सरळ करून राह्यलो. डावी बाजू झाली, आता उजवी.”

“काका, ती मोडकी न्हाई! ती तशीच असते! खेळताना कुणी धडकलं तरी उलटू नये, जागच्या जागी गर्रकन वळावी, म्हणून चाकं तिरपी—”

“बास! चाक सरळच असतंय. मी काय बैलगाड्या बघितल्या न्हाईत? मिस्त्री, करा सुरू!”

ठिणग्या उडाल्या. आता उजवी बाजूही गेली, की मूळचा तिरपेपणा किती होता ते कळायला काही उरणारच नव्हतं! ओरडून उपयोग नव्हता, मिस्त्रींना ऐकूच जात नव्हतं. शिवकन्येची नजर दाराबाहेरच्या मेन स्विचवर गेली. तिनं सांडूला डोळ्यानं खुणावलं, हळूच मागे सरकली आणि दांडा खाली ओढला. खट्!

“गेली का लाइट!” मिस्त्रींनी काच खाली केली. “बसा आता तासभर.”

“पण शेजारचा रेडिओ तर चालू हाय,” काका म्हणाले.

शिवकन्या स्विच झाकत पुढे सरकली.

“तो सेलवरचा असंल, काका!” सांडू बिलकुल न अडखळता म्हणाला. “आमच्या आष्टीला तर दिवाळीच्या दिवशी पण लाइट न्हवती. चहा सांगू का?”

चहाचं नाव निघताच काका बाकावर टेकले. अंकुश तोवर आत्याला बोलवायला शाळेच्या दिशेनं सुसाट निघालाही होता.

दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. शिवकन्या स्विचला पाठ लावून उभी होती. मिस्त्री उठले की ती आणखीच ताठ उभी राही.

अखेर गळ्यात हार, घामाघूम झालेली आत्या हातांनी चाकं रेटत आलीच! चाकं काढलेली खुर्ची बघून तिचा चेहरा पांढराफटक झाला. पण ती रडली नाही.

“दादा, हे काय केलंस?” एवढंच म्हणाली. मग मिस्त्रींकडे वळली. “उजवी बाजू तशीच हाय ना? मंग तिचंच माप घ्या. शिवे, कंपास आण तुझी!”

शिवकन्येनं आधी मान खाली घालून दांडा वर केला. दिवा लागला. मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले!

ती घरी धावली आणि कोनमापक घेऊन आली. उजव्या बाजूचा कोन तिनं तीनदा मोजला, आत्यानं चौथ्यांदा. मिस्त्रींनी डावा सांधा कापला, बरोबर तेवढाच तिरपा जोडला आणि चाकं चढवली. आत्या खुर्चीत बसली. एक चाक पुढे, एक मागे, आणि गर्रकन गिरकी!

“जमलं!” ती म्हणाली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बद्रीकाकांना मान वर करवेना. “मला विचारायचं सुचलंच न्हाई, बेबी,” ते पुटपुटले.

“माझी खुर्ची तू मला न विचारता नेलीस, दादा. पुन्हा असं करू नको.”

“न्हाई करणार.” त्यांनी शिवकन्येच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, मी ऐकलं न्हाई, पण तू हटली न्हाईस. शाब्बास! तुम्ही तिघंही शाब्बास!”

“आणि माझ्या स्विचला हात लावणारी पहिली तूच!” मिस्त्री हसत म्हणाले.

एकची गाडी मिळाली.

जानेवारीत एका संध्याकाळी बँकॉकहून फोन आला. शिवकन्येनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“हरलो गं आज,” आत्याचा आवाज लांबून येत होता. “पण सहा गुण माझे! आणि एक धिप्पाड बाई दोनदा येऊन धडकली मला.”

“मग? पडलीस?”

“मी? जागची हलले न्हाई!”