ओली खळ

"मी स्वतः तिथे होतो असं म्हणणार नाही," मामा म्हणाले. "पण ज्याच्यावर गुदरलं तो बाइंडर माझा शेजारी. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. पुस्तकं बांधण्यातून वेळच मिळायचा नाही."

आम्ही हसलो. मामांनी गच्चीवरचा दिवा मालवायला सांगितला. डोळ्यांवर येतो म्हणाले. मग सांगू लागले.

कारखान्यात संप चालू होता. बाइंडरच्याच गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, कामगारांनी चालवलेलं वाचनालय होतं. तीन कपाटं, चारशे पुस्तकं, एक लांब टेबल. संपाच्या बैठका त्याच टेबलाभोवती होत. सगळं बघायच्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी खळीनं एक चिठ्ठी चिकटवलेली असे. पुस्तक नेणाऱ्यानं तिच्यावर आपलं नाव लिहायचं. पान दुमडलेलंसुद्धा बाईंना खपत नसे. 'ज्यानं फाडलं त्यानंच जोडायचं,' हा नियम. बाइंडर हे काम त्यांच्याच हाताखाली शिकला.

संप चिघळला तसं बाईंना चौकीवर नेलं. दोन दिवस एकच प्रश्न. वाचायला कोण कोण येतं? बाईंनी एक नाव सांगितलं नाही. घरी आल्या आणि आठव्या दिवशी वारल्या.

पुढे महिन्यानं, नऊ फेब्रुवारीला, गुरुवारी, शिंप्याला कळलं की सकाळी खोलीवर छापा आहे. चिठ्ठ्या सापडल्या की नावं सापडली. एकेकाला घरातून उचलणार. त्यात बाइंडरची मुलगी. एकोणीस वर्षांची. निम्म्या पुस्तकांवर तिचं नाव.

"पुस्तकंच हलवायची ना, मामा," धाकटी म्हणाली.

"गल्लीच्या दोन्ही तोंडांना पहारा होता, शहाणे. चारशे पुस्तकं काय पदराखाली नेणार? चिठ्ठ्या मात्र शिंप्याच्या इस्त्रीतल्या निखाऱ्यावर जळून जातात."

पावणेबाराला बाइंडर वर गेला. अमावस्या-बिमावस्या काही नाही, स्वच्छ चांदणं. मोबाइलच्या उजेडात त्यानं पहिलं कपाट उघडलं. सुरीनं चिठ्ठीचा कोपरा उचलायचा, ओढायची, पिशवीत टाकायची. प्रत्येक वेळी मनात म्हणायचा, 'माफ करा, बाई.' एक वाजता पहिलं कपाट संपलं. दुसऱ्याला हात घातला...

मागे आवाज झाला.

खळीचा ब्रश वाटीच्या काठावर निपटल्याचा.

मग कागद तळहातानं दाबल्याचा. मग पुस्तक मिटल्याचा.

थप्प.

पहिल्या कपाटापाशी.

"मग वळून बघितलं?" मी विचारलं.



नाही बघितलं. मान वळेचना. ज्यानं फाडलं त्यानंच... आणि हा तर फाडतच सुटलेला. बाई चिठ्ठ्या परत लावतायत. नावं परत जागच्या जागी. त्यानं भिंतीकडे तोंड करूनच हात जोडले. म्हणाला, "बाई, पोरीचं नाव आहे हो त्यात."

आवाज थांबला.

...

मग पुन्हा सुरू झाला. जवळ. अगदी कोपराशी. खळीचा वास आला...

तो जिना उतरून पळाला. पिशवी हातात होती म्हणून खाली आली, एवढंच. त्यातल्या चिठ्ठ्या जाळल्या. पण दोन कपाटं तशीच राहिली होती. पुन्हा वर जायला पाय उचलेना. पोरीचं आता काही खरं नाही, असं म्हणत शिंप्याच्या ओट्यावर तो सकाळपर्यंत बसून राहिला.

सातला पोलीस आले. पुस्तकं खाली आणून शिंप्याच्या कापायच्या टेबलावर उघडली. एक. दुसरं. दहावं. तिन्ही कपाटांतली. प्रत्येकात कोरी करकरीत चिठ्ठी. प्रत्येकीवर एकच नाव. शाळेतलं वळणदार अक्षर.

बाईंचं.

"हिला तर आपण..." अधिकारी म्हणाला, आणि त्यानं पुस्तक मिटलं.

बाइंडर धावत घरी गेला. मुलगी झोपली होती. उशाशी वाचनालयाचं एक पुस्तक. तीन आठवडे ते घराबाहेर गेलेलं नव्हतं. रात्रभर दाराला आतून कडी होती.

त्यानं शेवटचं पान उघडलं.

तेच अक्षर. तेच नाव. खाली त्या रात्रीची तारीख.

त्यानं अंगठा लावला, आणि चिठ्ठी सरकली. खळ अजून ओली होती.