आठ इंची आरसा

डोरीन ह्रित्सॅकने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या हिवाळ्यात सकाळी सहाला बस तापवताना डोक्यावर चांदण्यांचा खच पडलेला असायचा आणि बाईला मान वर करायला सवड नसायची. सवड मिळाली ती उजवा डोळा पुरता गेल्यावर. आता डावाही मधोमध काळवंडायला लागला होता. बर्फ पडेपर्यंत टिकेल असं धरून चला, डॉक्टर म्हणाले. तिला शनीची कडी बघायची होती, स्वतःच्या डोळ्याने, एकदा तरी.

हाताशी होते चारशे डॉलर. एवढ्यात नवी दुर्बीण येते ती पाच इंची आरशाची. खगोलमंडळातला ओरेस्ट, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला म्हातारा, म्हणाला की आरसा जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त, तेव्हा जुनी का होईना, आठ इंचीच घे. आठवड्याभरात सहकारी दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: आठ इंची, तीनशे डॉलर. दोघं त्याच दुपारी गेली.

विकणारी लिओना नावाची तरणी बाई होती. दुर्बीण तिने कोठीत ठेवली होती, तोंड भिंतीकडे करून. नवऱ्याने हौसेने आणली, एवढंच ती म्हणाली. तो कुठे आहे असं ओरेस्टने विचारलं, तेव्हा अडीचशेला देते म्हणाली.

जुनी दुर्बीण घेताना मंडळातली माणसं एक गोष्ट कधी चुकवत नाहीत. दिवसाउजेडी नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, काढायची आणि रिकाम्या भोकातून आत बघायचं. आरसे सरळ बसलेले असतील तर बरोब्बर मधोमध आपलाच डोळा दिसतो. ओरेस्टने दुर्बिणीची नळी दारापाशी ओढली, वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

मग त्याने डोरीनला बाहेर गाडीपाशी नेलं.

"पाच इंची नवी घेऊ. कमी पडले तर मी घालतो."

"का? आरसा खराब आहे?"

"आरसा चांगला आहे. डोळा मधोमध दिसतोय." त्याने टोपी काढली आणि परत घातली. "पण मिटलेला आहे."

"चष्मा बदल, म्हाताऱ्या."

"डोरीन, आरशात स्वतःचा मिटलेला डोळा दिसतो का कुणाला?"

ती तडक आत गेली आणि वाकली. पापणी दिसली. सुरकुतलेली, घट्ट मिटलेली, खालचे-वरचे केस एकमेकांत अडकलेले. ती झटकन मागे सरली. पण मागच्या महिन्यात मंडळाच्या पाच इंचीतून तिच्या अधू डोळ्याला शनीचा नुसता पिवळा ठिपका दिसला होता. बर्फाला आता फार दिवस उरले नव्हते. तिने पैसे लिओनाच्या हातात ठेवले.

संध्याकाळी अंगणातून शनी दिसला. कडी दिसली, कडीतली काळी फट दिसली, आणि डोळ्यातला डाग आडवा आला नाही. डोरीन ढसाढसा रडली.

दुर्बीण आत-बाहेर केली की आरसे तपासावे लागतात, म्हणून ती रोज दुपारी भोकातून बघायची. तिसऱ्या दिवशी पापण्यांमध्ये बारीक फट पडली होती. आठव्या दिवशी आतलं पांढरं दिसलं. शनी रोज आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ दिसत होता.

ओरेस्टचा फोन आला. विकून टाक म्हणाला. बर्फ पडू दे, मग विकते, असं तिने सांगितलं.

अकराव्या दुपारी डोळा पूर्ण उघडला. घारा होता, तिच्यासारखाच. तिला हायसं वाटलं. आता तो चारचौघांच्या दुर्बिणीत दिसतो तसाच दिसत होता.

तिने मान वर केली.

अंगण नव्हतं. कुंपण नव्हतं, पलीकडचं धान्याचं उंच कोठारही नव्हतं. नुसता काळोख होता. ढग आला असेल, असं तिला वाटलं. गालावर ऊन चटकत होतं.

तिने चाचपडत नळी शोधली. भोक सापडलं, तसा त्यावर तळहात दाबून धरला.

तळव्याला पापणीचे केस लागले. ते दोनदा लवले.