धनाबाईची आठवण

"सर, थांबा! बीपी एकशे ऐंशी आहे. हे इंजेक्शन हिला चालणार नाही."

जांभळीपाड्याच्या आरोग्य केंद्रात सिस्टर इंदू पाडवीने डॉक्टरांचं मनगट धरलं होतं. डॉक्टर चपापले. त्यांनी सिरिंज खाली ठेवली आणि दुसरं औषध मागवलं. बाळंतीण वाचली.

२०७१ साली याचं कुणाला नवल वाटलं नाही. दुर्गम भागातले कित्येक रुग्ण अज्ञानापेक्षा संकोचापायी दगावतात, हे ध्यानात आल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांना 'अनुभवरोपण' सक्तीचं झालं होतं. चूक दिसत असूनही आपण वरिष्ठांपुढे गप्प राहिलो आणि रुग्ण गेला, अशी एक काल्पनिक आठवण प्रयोगशाळेत रचून मेंदूत बसवायची; ती नेमकी कोणती, हे मात्र त्यांना सांगायचं नाही. माणूस व्याख्यान विसरतो, अपराध विसरत नाही. पुढच्या वेळी त्याची जीभ अडखळत नाही.

आठवड्याने डॉ. शलाका निमकर इंदूच्या रोपणाला पाच वर्षं झाली म्हणून तपासणीला आल्या. रोपणाचं तंत्र त्यांचंच. त्यांनी इंदूचं कौतुक केलं.

"मॅडम, आता ती आठवण काढून टाका," इंदू म्हणाली. "झोप लागत नाही."

"काढता येईल. आता सवय मुरली आहे, आठवणीची गरज नाही. फक्त यंत्राला नेमकी तीच शोधून द्यावी लागते. सांगा बरं, काय दिसतं?"

"धनाबाई. हिरवं लुगडं नेसलेली. तिचं बीपी चढलेलं मला दिसत होतं. पण मोठे डॉक्टर इंजेक्शन देत होते, मी कशी बोलणार? अर्ध्या तासात गेली. खोटी आहे, प्रयोगशाळेतली आहे, असं स्वतःला बजावते, तेव्हा कुठे दिवस निघतो."

निमकरांनी नोंद उघडली. दोनदा वाचली.

"सिस्टर, तुम्हाला आम्ही सर्पदंशाचा रुग्ण दिला होता. एक म्हातारा. औषधाची मात्रा चुकलेली."

"रतन्याबाबा?" इंदू गोंधळली. "तो तर खरा होता ना? त्याच्या नावानं मी दर वर्षी दिवा लावते."

निमकरांनी नकारार्थी मान हलवली. "तो कधी जन्मालाच आला नाही. आणि धनाबाई आमच्याकडची नाही."

इंदूने नोंद स्वतःकडे वळवून वाचली.

"तिची दोन मुलं होती, मॅडम," ती म्हणाली. "पलीकडच्याच पाड्यावर. पाच वर्षांत मी एकदाही चौकशी केली नाही त्यांची. ती नाहीतच, असं समजून."