वात सारणारं बोट

शेजारच्या बाईंच्या घराची एक किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. बाई म्हणजे शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, मला काकू म्हणतात. त्या दोन दिवस आईकडे गेल्या होत्या आणि त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं माझ्याकडे होतं. काम एवढंच. आमचे हे म्हणतात, तुला कुंड्या सांगितल्या तर तू कपाटंही शिंपून येशील. म्हणू देत. बंद घरात माणसाला चार गोष्टी बघाव्या लागतात.

थंडीचे दिवस होते. दुपारचे चार वाजले होते, पण बाहेर धुकं असं दाटलेलं, की समोरची गल्लीसुद्धा दिसत नव्हती. पाणी घालून झालं आणि माझं लक्ष पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीकडे गेलं. त्या पेटीची कीर्ती मी ऐकून होते. बाई पुस्तक मिटून ठेवतात आणि पेटीतून चारपाचशे वर्षांपूर्वीच्या रोजच्या वस्तू काढतात. लाकडी फणी, सूत कातायची चाती, दाराचा अडसर, झिजलेला पाटा. राजांची नावं नंतर, म्हणतात. आधी ही फणी कुणाच्या केसांतून फिरली ते सांगा. मुलं डोळे मिटून वस्तू चाचपतात आणि बोलायला लागतात म्हणे.

शाळेच्या हेडसरांना हे पसंत नव्हतं. अभ्यासक्रम मागे पडतो, भंगार वर्गात येतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी वरचे साहेब बाईंचा तास बघायला येणार होते. साहेबांना पटलं नाही तर पेटी अडगळीत आणि बाई दूरच्या कुठल्यातरी शाळेत. जाताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणून मी विचार केला, निदान वस्तू तरी लख्ख दिसू देत.

पेटीत सगळ्यात कळकट होती एक मातीची पणती. काठाला जाड काजळी बसलेली. मी ती मोरीत नेली आणि घासणी घेऊन अशी घासली, की भाजल्या विटेसारखी लाल निघाली. मला फार समाधान वाटलं. मग पुसून परत ठेवायला गेले, तेव्हा जिथे ती होती त्या फडक्याखाली चिठ्ठी दिसली. बाईंचं अक्षर.

“पुसू नये. पाडलेल्या भिंतीतल्या बुजवलेल्या कोनाड्यात गवंड्याला सापडली. काठावरच्या काजळीत, वात सारणाऱ्या शेवटच्या बोटाचा ठसा आहे. उद्याचा तास हिच्यावर.”

शेकडो वर्षं टिकलेलं बोट मी पाच मिनिटांत मोरीतून वाहून घालवलं होतं.

आता जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी ठरवलं, काजळी परत धरवायची आणि आपलाच अंगठा उमटवायचा. कुणाला कळणार आहे? स्वयंपाकघरातून तेल आणलं, कापसाची वात वळली, पणती टेबलावर ठेवून पेटवली आणि समोर खुर्ची ओढून बसले. बाई सहाच्या गाडीने येणार होत्या.

वात चांगली धुरत होती. खोलीत दुसरा उजेड मी लावला नाही. काजळी किती धरते ते नीट दिसावं म्हणून. खिडकीबाहेर धुकं तसंच उभं. घड्याळाची टिकटिक, नळाचा थेंब, बाकी काही नाही. हळूहळू एक वास यायला लागला. मी तर खायचं गोडं तेल घातलं होतं. हा वास चरबीचा होता, जुना, कोंदट, पुष्कळ माणसं एका बुटक्या खोलीत निजली असावीत तसा. मी स्वतःला समजावलं, पणती मुरलेली आहे, तिचाच असेल.

तेल उतरलं. वात आत बसत चालली, ज्योत निळी आणि बारीक झाली. वात पुढे सारायला मी हात उचलला...

आणि वात सरकली.

माझा हात अजून हवेतच होता. वात आपणहून पुढे आली, बेताने, ज्याला रोजची सवय आहे अशा हाताने सारावी तशी. ज्योत उंच झाली. माझ्या मागे कुणीतरी थकलेला श्वास सोडला. मग पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, काहीतरी हलकं, कोमट फिरलं.

“कोण... कोण आहे?” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

मान वळवायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मागे फक्त बाईंची खुंटी आणि छत्री होती. पळावंसं फार वाटलं, पण दुसऱ्याच्या घरात जळती वात टाकून कसं पळणार? फुंकर घालून विझवली, दिवा लावला आणि पणतीकडे पाहिलं. काठावर काजळी आली होती, आणि त्या काजळीत एक अंगठा उमटला होता. बारीक, लांबट, मधून आडवा काप गेलेला.

बाई आल्या तेव्हा मी दारातच बसलेली होते. चोरी पचवायची माझी छाती नाही. पेटी उघडल्यापासून श्वास ऐकू येईपर्यंत सगळं ओकून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. नुसत्या पांढऱ्या पडल्या.

“अंगठा दाखवा, काकू.”

मी दाखवला. माझा अंगठा कणीक मळून मळून रुंद झालेला, त्यावर काप नाही. बाईंनी पिशवीतून वही काढली. मूळ ठशाचं चित्र त्यांनी भिंग लावून रेघ न् रेघ काढून ठेवलेलं होतं, आणि ते त्यांच्याखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. मधून आडवा काप. त्या बराच वेळ एकदा वहीत, एकदा पणतीत बघत राहिल्या.

“तोच आहे, काकू...” त्या म्हणाल्या. “फक्त ओला आहे.”

त्या रात्री माझ्या घरात सगळे दिवे चालू होते. ह्यांनी कारण विचारलं नाही. त्यांचं माझ्याकडे लक्ष कधी असतं?

सकाळी पेटीचं एक कडं बाईंनी धरलं, दुसरं मी. एकटीने पेटी न्यायला त्यांना धीर होत नव्हता आणि मला घरी बसवत नव्हतं. अंगात कालचाच स्वेटर, बरा असा एकच आहे, त्यावर शाल. वर्गात मी मागच्या बाकावर बसले. शेजारी साहेब, जाडजूड, हातात कोरा कागद. हेडसर दाराशी उभे, परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे.

बाईंचा आवाज पहिल्यांदा कापला. मग पणती, काठाला हात न लावता बुडाशी धरून, हातोहात फिरू लागली आणि त्या सावरल्या. वात सारणारं माणूस दिवसभर काय करत असेल, असं त्यांनी विचारलं. पोरं सांगत सुटली. विणकर असेल, सुरीने कापलं असेल, दिवस पुरला नाही म्हणून दिव्यापाशी बसलं असेल. साहेबांचा कागद भरत चालला. शेवटी बाईंनी विचारलं, वात सारली की बोट काळं होतं, ते त्याने कुठे पुसलं असेल?

भिंतीला, केसांना, अशी उत्तरं आली. मग एक दोन वेण्यांची मुलगी उठली. “बाई, जवळ जो बसला असेल त्याच्या कपड्यांना. माझी ताई तेच करते.”

वर्ग खदखदून हसला. साहेब हसले आणि नकळत स्वतःची बाही तपासू लागले. जाताना हेडसरांना म्हणाले, हा तास बंद करायचा नाही, उलट इतर शिक्षकांना बघायला पाठवा. हेडसरांनी लगेच आपल्यालाही असंच वाटत असल्याचं सांगितलं.

मुलं सुट्टीला पळाली. कालपासून छातीवर ठेवलेला पाटा उतरला, असं मला वाटलं. शाल बाकावर टाकून मी पेटीचं कडं उचलायला वाकले. मागून बाई म्हणाल्या,

“काकू... तशाच थांबा.”

माझ्या स्वेटरवर, खांद्याच्या जरा खाली, जिथे माझा हात पोचत नाही तिथे, काजळीचा पट्टा होता. बोट पुसल्याचा. पट्ट्याच्या टोकाला आडवा काप स्पष्ट उमटला होता.

बाई मजेत आहेत, तास चालू आहे. मला दुसरा स्वेटर मिळाला आहे. वीज गेली की मी मेणबत्ती लावते आणि भिंतीला पाठ अगदी चिकटवून बसते. वीज आली की मागे वळून बघते. तिथे भिंतीवर जे उमटलेलं असतं ते मी पुसत नाही. न विचारता पुसायची खोड गेली आहे.