अल्विनचं अर्धवट चर्च

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. कुणी आग्रह केलेला नाही.

आणि अमावस्येची रात्र, ओसाड रस्ता, रडणारं कुत्रं असलं काही हवं असेल, तर तेही मिळणार नाही. हे घडलं भर दुपारी. इंग्लंडात, ट्रेंट नदीजवळच्या न्यूअर्क गावात, गेल्या ऑक्टोबरमध्ये. एका घराच्या परसातल्या लाकडी शेडमध्ये.

ज्याच्याबाबतीत घडलं तो रॉडनी स्लीट माझ्या शेजारी राहतो. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की तो हसायचा.

आता हसत नाही.

गावातल्या हॉलमध्ये दर गुरुवारी काही पोट सुटलेले, निवृत्त गृहस्थ जमतात आणि टेबलावर लढाया खेळतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे, मोजपट्ट्या. घोडदळ अर्धा इंच पुढे गेलं की नाही यावर चहा गार होईपर्यंत भांडण. सैनिक दुकानात मिळतात. पण त्यांच्या भोवतीची घरं, पूल, गिरण्या ज्याने हाताने बनवाव्यात असा एकच माणूस त्या सगळ्यांत होता.

अल्विन बॅगली.

छपराचं एकेक कौल तो पुठ्ठ्यातून वेगळं कापायचा. त्याचं घर टेबलावर ठेवलं की वाटायचं, आतून आत्ता कुणीतरी खिडकी उघडेल.

आणि माणूस असा, की ती खिडकी उघडून तोच तुमच्यावर थुंकेल.

दुसऱ्याचं काम तो दोन बोटांत धरायचा. मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसं. फिरवून बघायचा. मग नाकातून एक आवाज काढायचा…

"हुंः…"

आणि खाली ठेवायचा. बस्स. त्यापुढे बोलण्याचीही तुमची लायकी नाही.

रॉडनी एकदा अख्खा हिवाळा खपून एक पाणचक्की बनवून घेऊन गेला. अल्विनने ती उचलली.

"ही चक्की आहे होय, पोरा? मला वाटलं नवे बूट घेतलेस, त्याचा खोका आणलास."

सगळे हसले. पन्नाशी उलटलेला 'पोरगा' रॉडनीही हसला. घरी जाऊन त्याने ती चक्की पायाखाली चिरडली.

वसंतात अल्विन मेला. शेडमध्येच, हातातलं काम हातात असताना, हृदय बंद पडून. अंत्यविधीला रॉडनीने सगळ्यांत मोठ्या आवाजात प्रार्थना म्हटली. इतकं प्रसन्न त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मागे राहिलं एक अर्धवट चर्च.

शरदातल्या मोठ्या प्रदर्शनात क्लबला सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात न्यूअर्कला पडलेला वेढा टेबलावर मांडायचा होता, आणि त्या मांडणीच्या मधोमध हे चर्च. क्लबचा सेक्रेटरी मर्विन रॉडनीकडे आला. दुसरं कुणी तयार नाही म्हणाला. चर्च एवढं नाजूक की तसं अर्धवट हलवणंही शक्य नव्हतं. काम त्याच शेडमध्ये बसून करावं लागणार होतं.

रॉडनीने लगेच होकार दिला. क्लबवरच्या प्रेमाने नाही. चर्च पुरं करायचं आणि पुढ्यात चिठ्ठी लावायची, 'रॉडनी स्लीट'. फक्त तेवढंच नाव.

अल्विनच्या बायकोने, थेल्माने, त्याला स्वयंपाकघराच्या दारातूनच शेड दाखवली. नवरा गेल्यापासून ती बाई खुलली होती. स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला होता. रेडिओ दिवसभर मोठ्याने चालू. काहीतरी भाजत, गुणगुणत असायची. रॉडनीचा चहा ती शेडच्या पायरीवर ठेवायची, दारावर टकटक करायची आणि निघून जायची.

पहिले काही दिवस ठीक गेले.

मग एका दुपारी तो खिडकीची कमान कापत होता. कटर जरासा घसरला. कमान किंचित वाकडी झाली. चालेल, असं तो मनात म्हणाला…

"हुंः…"

रॉडनीने मान वर केली.

दार बंद. खिडकी बंद. बाहेर वाराही नव्हता.

शेजाऱ्याचं कुत्रं शिंकलं असेल, अशी त्याने समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी डाव्या कानामागे.

त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. काप सरळ गेला की शेड शांत. हात सैल पडला, कौल तिरकं बसलं, डिंकाचा थेंब ओघळला, की लगेच…

"हुंः…"

मग स्टूल.

तो दुपारी यायचा तेव्हा शेड थंडगार असायची. लाकूड, हत्यारं, सगळं गार.

फक्त बसायचं स्टूल… गरम असायचं.

आत्ता आत्ता कुणी उठून गेल्यासारखं.

त्यानंतर एकदा, आदल्या दिवशी भिंतीला चिकटवलेला आधाराचा खांब त्याला सुटा दिसला. तुटलेला नव्हता. उखडून शेजारी नीट ठेवला होता. डिंकही खरवडून साफ केला होता.

रॉडनी तणतणत स्वयंपाकघरात गेला. त्याने थेल्माला सुनावलं की कामात ढवळाढवळ नको, तुम्हाला यातलं काही कळत नाही.

थेल्माने हात पुसले. अगदी अल्विनच्याच तोऱ्यात बोलता, म्हणाली. मग तिने सांगितलं की लग्न झाल्यापासून तिने त्या शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. तिच्या चालण्याने धूळ उडते, असं त्याचं म्हणणं होतं. तो गेल्यावर तिला जावंसंही वाटलं नाही.

रॉडनी जायला वळला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"आवाज येतो का?"

"कसला आवाज?" रॉडनी म्हणाला. "छे."

तिने मान हलवली आणि रेडिओ आणखी मोठा केला.

प्रदर्शन जवळ आलं. राहिला होता फक्त मनोरा. रॉडनीने तो स्वतः बनवला होता, आणि तो चांगला झाला होता. हे त्याचं त्याला माहीत होतं. श्वास रोखून त्याने मनोरा जागेवर बसवला. केसभरही फट राहिली नाही. तो मागे सरकला…

"हुंः…"

या वेळी लांबलचक. सावकाश.

आणि मानेवरचे केस हलले.

दुसरा कुणी पळाला असता. रॉडनीही पळाला असता. पण चांगल्या कामालाही तोच आवाज आला, आणि त्याचं डोकं फिरलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. रिकाम्या शेडकडे तोंड करून तो म्हणाला,

"तुम्ही मेलात, अल्विन. कुणी रडलंसुद्धा नाही. जन्मभर पुठ्ठ्याची घरं बांधलीत आणि खऱ्या घरात एका माणसाला सुखाने बसू दिलं नाहीत. हे चर्च आता माझं आहे. चालते व्हा इथून."

आणि त्याने दार सताड उघडलं. नकोसा पाहुणा घालवताना उघडतात तसं. उघडून धरून ठेवलं.

दारातून काही गेलं नाही. निदान दिसलं तरी नाही.

पायरीवर चहाचा कप होता. त्याची वाफ सरळ वर चालली होती. ती मधेच एका बाजूला झुकली…

घराच्या बाजूला.

आणि पुन्हा सरळ झाली.

त्यानंतर शेडमध्ये कसलाही आवाज आला नाही. स्टूल गार. डिंक जागच्या जागी. रॉडनीला स्वतःचं फार कौतुक वाटलं. चर्च पुरं झालं. प्रदर्शनात लोक वाकून वाकून बघत होते. अल्विन असता तरी याहून चांगलं जमलं नसतं, असं मर्विनही म्हणाला. पुढ्यात चिठ्ठी होती, 'रॉडनी स्लीट'.

थेल्माला त्याने बोलावलं होतं. ती आली नाही.

काही आठवड्यांनी तो राहिलेली हत्यारं आणायला तिच्याकडे गेला.

घर शांत होतं. विचित्रच शांत. दार वाजवताना त्याच्या लक्षात आलं…

रेडिओ बंद होता.

थेल्माने दार उघडलं. ती अर्धी झाली होती. ती टेबलाशी परत गेली. ॲपल पायसाठी पीठ मळून ठेवलेलं होतं. ती ते लाटू लागली. नजर वर न करता तिने विचारलं,

"तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

रॉडनीने सांगितलं. लपवलं नाही.

"आणि दार उघडून दिलंत?"

"हो."

"मग कुठे जाणार होता तो?" ती म्हणाली. "तेवढंही सुचलं नाही तुम्हाला? शेडमध्ये होता तोवर मी सुखात होते. तुमचं झालं चर्च. झालं कौतुक."

ती लाटत होती. कडेला पीठ जरासं फाटलं…

"हुंः…"

फडताळापाशी. तिच्या खांद्यामागे.

रॉडनी भिंतीला चिकटला. थेल्माने मागे वळूनही पाहिलं नाही. फाटलेली पोळी गोळा केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवं पीठ घेतलं. हे रोजचंच असावं तसं.

मुलीकडे राहायला जा, असं रॉडनीने सुचवलं. ती म्हणाली, तिकडेही येईल, आणि मग मुलीलाही ऐकावं लागेल. ते तिला नको होतं.

"तुम्ही त्याला तिथून घालवलंत," ती म्हणाली. "तुम्हीच परत न्या."

तेव्हापासून रॉडनी गुरुवारी हॉलमध्ये जात नाही. तो त्या शेडमध्ये जातो. शक्य तितकी भिकार घरं बनवतो. वाकड्या भिंती, ओघळलेला डिंक, उलटी बसवलेली कौलं. लाज वाटावी असली कामं. ती टेबलावर मांडतो, पाठ फिरवतो आणि वाट बघतो. कधी नाव घेऊन हाकही मारतो. चूक झाली म्हणतो.

शेडमध्ये काहीच ऐकू येत नाही.

परवा तो मला म्हणाला, खिडकीकडे बघायचं नाही असं रोज ठरवतो, पण नजर जातेच. समोर थेल्माचं स्वयंपाकघर दिसतं. ती शेगडीपाशी उभी असते. काहीतरी ढवळत, पाठमोरी.

आणि मग तिचा हात थांबतो.

खांदे आवळले जातात. मान खाली जाते…

ती तशीच उभी राहते. कुणाचं तरी ऐकून घेत.